कुत्र्याला ओढायला कोण शिकवते?

सुट्टीच्या दिवशी सकाळी लोणावळ्याच्या बाजारपेठेत थोडा वेळ उभे राहा. चिक्कीच्या दुकानांपुढील गर्दीत एक दृश्य हमखास दिसेल. पुढे एक कुत्रा. मान ताणलेली, जीभ बाहेर, घशातून घरघर आवाज. मागे ताठ झालेली साखळी. आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला तोल सावरीत, जवळजवळ धावत येणारे त्याचे मालक! कोण कोणाला फिरवायला निघाले आहे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडावा. मालकांना विचारलेत तर ते म्हणतील, "काय करणार, याला सवयच आहे ओढायची. भारी हट्टी आहे."

आता याच मावळ तालुक्यातील सुदुंबरे गावी चला. संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीमुळे हे गाव तुम्हांला ठाऊक असेल. येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. पूर, भूकंप, दरड कोसळणे, इमारत पडणे अशा प्रसंगी धावून जाणारे हे दल २००६ साली उभे राहिले. त्याच्या बटालियनमध्ये अभियंते, तंत्रज्ञ, वैद्यकीय मदतनीस यांच्याबरोबर श्वानपथकेही असतात. अशा पथकातील कुत्रा आपल्या हस्तकाबरोबर चालताना पाहिला, तर दोघांमध्ये साखळी आहे हे चटकन ध्यानातही येत नाही. ती सैल लोंबत असते. कुत्र्याचा खांदा माणसाच्या डाव्या गुडघ्याशी असतो. माणूस थांबला की कुत्रा थांबतो, माणूस वळला की कुत्रा वळतो. याला इंग्रजीत 'हील' म्हणतात. हील म्हणजे टाच. आपण मराठीत 'पायाशी चालणे' म्हणू.

या दोन कुत्र्यांत फरक कशाचा? जातीचा म्हणावा, तर बाजारातला लॅब्राडॉर असू शकतो आणि पथकातलाही लॅब्राडॉर असू शकतो. हट्टीपणाचा म्हणावा, तर हट्ट हे काही कारण नव्हे. ज्याचे कारण आपल्याला सापडत नाही त्याला आपण दिलेले ते नाव आहे. खरे कारण अगदी साधे आहे, आणि मालकांना ते ऐकायला मुळीच आवडत नाही. कुत्र्याला ओढायला मालकांनीच शिकवलेले असते.

कसे ते पाहू.

मांजराची पेटी आणि कुत्र्याची साखळी

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली प्राण्यांच्या शिकण्याविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. उपाशी मांजर एका पेटीत कोंडायचे आणि बाहेर खाऊ ठेवायचा. आत एक दोरी किंवा खटका असे. तो दाबला वा ओढला गेला की दार उघडे. मांजर प्रथम ओरबाडे, चावे, धडपडे. त्या धडपडीत केव्हातरी चुकून खटका दाबला जाई. पुन्हा कोंडले की दार उघडायला थोडा कमी वेळ लागे, पुढे आणखी कमी. मांजराला एकाएकी युक्ती सुचली असे काही घडत नव्हते. ज्या हालचालीमागून सुख आले ती हालचाल टिकली, बाकीच्या गळून पडल्या. यालाच थॉर्नडाइकने पुढे 'परिणामाचा नियम' म्हटले.

हा नियम साखळीला लावून पाहा. कुत्र्याला समोरच्या खांबापाशी जायचे आहे, कारण तेथे कोणीतरी वास सोडून गेले आहे. तो ओढतो, साखळी ताठ होते. मालक काय करतात? एक पाऊल पुढे टाकतात. पुन्हा ओढ, पुन्हा पाऊल. शेवटी खांब येतो! कुत्र्याच्या दृष्टीने साखळी ताठ करणे हाच दार उघडण्याचा खटका ठरला. दररोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास हा पाठ चालतो. वर्षाचे किती तास झाले, हिशेब करा. शाळेतला कोणताही विषय आपण इतका वेळ शिकत नाही.

मालक मधूनमधून हिसका देतात, ओरडतात, हे खरे. पण पाय मात्र पुढे पडतच असतात. कुत्रा पायांकडे लक्ष देतो, भाषणाकडे नाही.

त्याच्या अंगात ओढण्याची थोडी सोयही निसर्गाने करून ठेवली आहे. एक सोपा प्रयोग करा. शेजारच्या मित्राला तुमचा हात हळूच, न सांगता, त्याच्याकडे ओढायला सांगा. तुमचे शरीर आपोआप उलट दिशेला झुकेल, कारण तोल सांभाळायचा असतो. माणसाचे दोन पाय, कुत्र्याचे चार. त्याचा गुरुत्वमध्यही जमिनीजवळ. गळपट्टा मागे खेचला गेला की तो पंजे रोवून पुढे झुकतो. म्हणजे साखळी खेचून कुत्र्याला मागे आणण्याचा प्रयत्न हा त्याला पुढे ओढण्याचे निमित्तच पुरवतो.

चालींचा मेळ बसत नाही

येथे कुत्र्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. आपल्या वेगाने चालणे त्याला खरोखरच अडचणीचे असते. थोडे गणित करू.

चालताना प्राण्याचा पाय उलट्या लंबकासारखा काम करतो. म्हणून सावकाश चालीवरून दुडक्या चालीवर किंवा पळण्यावर केव्हा जायचे, हे पायाच्या लांबीवर अवलंबून असते. रॉबर्ट मॅकनील अलेक्झांडर या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्यासाठी जहाजबांधणीतले एक गुणोत्तर वापरले. वेगाचा वर्ग करा, त्याला गुरुत्वत्वरण आणि पायाची लांबी यांच्या गुणाकाराने भागा. येणाऱ्या संख्येला विल्यम फ्रूड या एकोणिसाव्या शतकातील अभियंत्याच्या नावाने फ्रूड अंक म्हणतात. लहानमोठे प्राणी हा अंक सुमारे ०.५ झाला की चाल बदलतात.

माणसाचा पाय खुब्यापासून जमिनीपर्यंत ०.९ मीटर धरा. ०.५ × ९.८ × ०.९ = ४.४१, त्याचे वर्गमूळ २.१. म्हणजे सेकंदाला २.१ मीटर, तासाला साधारण साडेसात किलोमीटर वेगाला आपण चालणे सोडून पळू लागतो. कुत्र्याचा पाय ०.५ मीटर असेल तर हाच वेग तासाला सुमारे ५.६ किलोमीटर येतो, आणि ०.३ मीटर असेल तर सुमारे ४.४ किलोमीटर. आता आपण रस्त्याने रमतगमत जातो तो वेग तासाला ४ ते ५ किलोमीटर! लहान चणीचा कुत्रा नेमका चालावे की दुडकावे या सीमेवर येतो, आणि मध्यम कुत्रा त्या सीमेच्या अगदी जवळ. आपल्याला कोणी न पळता तासाला सात किलोमीटर वेगाने तासभर चालायला लावले तर कसे वाटेल, याची कल्पना करा. घरच्या कुत्र्याच्या पायाची उंची मोजून हे उदाहरण स्वतः सोडवा. मास्तरांना वर्गात करून घेण्यासारखे आहे.

शिवाय नाक आहेच. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा नाकातून हवा आत-बाहेर करतो. आपल्याला जो रिकामा रस्ता दिसतो तो त्याच्यासाठी सकाळच्या वर्तमानपत्रासारखा भरगच्च असतो. त्याला हुंगूच न देणे म्हणजे तुम्हांला डोळ्यांवर पट्टी बांधून लोहगडावर नेण्यासारखे आहे.

हिसक्याने काय होते?

पूर्वी कुत्र्यांना शिकवण्याची मुख्य रीत हिसक्याची होती. कॉनराड मोस्ट या जर्मन अधिकाऱ्याने १९१० साली पोलीस आणि सैन्यातील कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. पुढे कित्येक दशके जगभर त्याच वळणाचे शिक्षण चालले. कुत्रा पुढे गेला की आवळणाऱ्या साखळीचा झटका द्यायचा. या रीतीने कुत्री शिकत नाहीत असे नाही; पण किंमत कोण देतो ते पाहा.

समजा, कुत्रा १०० न्यूटन बलाने ओढत आहे. गळपट्ट्याचा २० सेंटिमीटर भाग गळ्याला टेकला आहे. साखळी अर्धा सेंटिमीटर रुंद असेल, तर बल १० चौरस सेंटिमीटरवर पडेल. दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला १० न्यूटन. अडीच सेंटिमीटर रुंद पट्टा असेल, तर क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर आणि दाब २ न्यूटन. बल तेच, दाब पाचपट! आणि त्या जागी श्वासनलिका, रक्तवाहिन्या असे नाजूक अवयव. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गळपट्टा ओढला गेला असता कुत्र्याच्या डोळ्यांतील द्रवाचा दाबही वाढतो, छातीभोवतीच्या पट्ट्याने मात्र तसा वाढत नाही, असे दिसून आले. म्हणून ओढणाऱ्या कुत्र्याला शिकेपर्यंत छातीचा पट्टा घालावा. त्याने कुत्रा शिकतो असे नव्हे, गळा वाचतो एवढेच.

हिसक्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली जाते. कुत्रा पुढे चालला म्हणजे तो स्वतःला टोळीचा नायक समजतो, त्याला त्याची जागा दाखवली पाहिजे! या समजुतीचे मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांत आहे. एकमेकांना अनोळखी लांडगे एका आवारात कोंडले होते. ते भांडत, वरचढ होण्याची धडपड करीत. पुढे डेव्हिड मेक यांनी कॅनडातील एल्समेअर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षे पाहिले. ती टोळी म्हणजे आईबाप आणि पोरे यांचे कुटुंब निघाले. याच मेक यांनी १९७० सालच्या आपल्या पुस्तकात 'नायक लांडगा' ही कल्पना लोकप्रिय केली होती. १९९९ साली लेख लिहून त्यांनी ती दुरुस्त केली. शास्त्रज्ञाने असेच करावे. दुर्दैवाने पहिले पुस्तक वाचणारे फार आणि दुसरा लेख वाचणारे थोडे.

आता शिकवू या

कृती अवघड नाही, पण तिला चिकाटी लागते. घरच्या मोठ्यांना बरोबर घ्या. कुत्र्याला रेबीजची लस टोचलेली हवी. साखळीपेक्षा दीड-दोन मीटर लांबीची कापडी पट्टी किंवा दोरी बरी. स्प्रिंगवर आपोआप गुंडाळणारी दोरी नको; ती सदैव थोडी ताणलेलीच राहते, म्हणजे आपण जे मोडू पाहतो तेच ती शिकवते. दोरी मनगटाला गुंडाळू नका. कुत्रा तीस किलोचा आणि तुम्ही चाळीस किलोचे असाल, तर एखाद्या मांजरामागे तो सुटला की तुम्ही रस्त्यावर आडवे व्हाल.

खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचे किंवा कोंबडीच्या मांसाचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. भाकरीचा तुकडाही चालेल, पण कुत्र्याला तो आवडला पाहिजे. बक्षीस कोणते ते घेणारा ठरवतो. लोणावळेकरांनी विशेष लक्षात ठेवावे, की चॉकलेट आणि चॉकलेटचा फज कुत्र्याला कधीही देऊ नये. त्यातील थिओब्रोमीन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते आणि त्याला विषबाधा होते. कांदा, द्राक्षे, मनुका हेही वर्ज्य.

पहिला पाठ घरात किंवा पडवीत. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली एका लेखात प्राण्यांना शिकवण्याची युक्ती सर्वसामान्यांसाठी सांगितली होती. दाबले की 'टिक्' वाजणारे पत्र्याचे खेळणे तुम्ही जत्रेत पाहिले असेल. टिक् वाजवायचे आणि लगेच खाऊ द्यायचा. असे अनेकदा केले की टिक् आवाजच कुत्र्याला बक्षिसासारखा वाटू लागतो. घंटेचा आणि लाळेचा पाव्हलॉव्हचा प्रयोग तुम्ही वाचला असेल, तेच हे. फायदा काय? खाऊ तोंडापर्यंत न्यायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात कुत्रा भलतेच काही करून बसतो आणि बक्षीस त्या भलत्या कृतीला मिळते. टिक् मात्र नेमक्या क्षणी वाजवता येते, छायाचित्राची कळ दाबावी तशी. खेळणे नसेल तर एक छोटा शब्द ठरवा. 'बस' नको, कारण ती दुसरी आज्ञा आहे. 'हां!' चालेल.

आता कुत्रा डावीकडे घ्या. एक पाऊल टाका. त्याचा खांदा तुमच्या पायाशी असेल त्या क्षणी 'हां!' आणि खाऊ. खाऊ कोठे द्यायचा याला फार महत्त्व आहे. तो आपल्या डाव्या मांडीच्या शिवणीशी, मागे हात नेऊन द्या. समोर हात पसरून दिलात, तर कुत्रा खाऊच्या जागी, म्हणजे तुमच्या पुढे, येऊन उभा राहील. जेथे घास मिळतो तेथेच पान मांडले जाते! एक पाऊल जमले की दोन, मग चार, मग आठ. चुकला तर रागावू नका, आठावरून चारावर या. तो नीट चालू लागला म्हणजे मगच 'पायाशी' हा शब्द उच्चारायला लागा. आधी कृती, मग तिचे नाव. लहान मुलाला आपण उलट क्रमाने शिकवतो, पण कुत्र्याला शब्दाचा अर्थ कृतीतूनच कळणार.

एका वेळी पाच मिनिटे पुरे, दिवसातून दोनतीनदा.

घरात जमले की अंगण, मग गल्ली, मग रिकामा शेतरस्ता, आणि बाजारपेठ सर्वांत शेवटी. अंगणात शिकलेले गल्लीत विसरला म्हणून त्याला ढ ठरवू नका. त्याच्या लेखी ती संपूर्ण नवी जागा आहे. पावसाळ्यात मावळात भाताच्या खाचरांच्या बांधावरून जावे लागते. तेथे दोघांनी शेजारी शेजारी चालणे शक्यच नाही. अशा जागी 'मागे' हा वेगळा शब्द शिकवावा.

आणि दोरी ताठ झाली तर? थांबा. बोलू नका, ओढू नका, झाडासारखे उभे राहा. कुत्रा काही वेळ ताणेल, मग वळून पाहील किंवा एक पाऊल मागे येईल. दोरी सैल झाली की 'हां!' आणि चालू लागा. खांबापाशी जाण्याचा खटका आता बदलला: ओढले की वाट बंद, सैल सोडले की वाट सुरू. दहावीस पावले नीट चालला, की 'जा, हुंग' म्हणून त्याला हवा तो खांब हुंगू द्या. जे प्राण्याला मनापासून करायचे असते तेच दुसऱ्या कामाचे बक्षीस म्हणून वापरता येते, हे डेव्हिड प्रेमॅक यांनी १९५९ साली मांडले. "गणिते सोडव, मग खेळायला जा" असे सांगणाऱ्या तुमच्या आईला प्रेमॅक ठाऊक नसतील, पण तत्त्व ठाऊक आहे.

सबंध फेरी कुत्र्याला पायाशी चालवणे मला तरी छळ वाटतो. रस्ता ओलांडताना, गर्दीत, दुसरे कुत्रे समोर आले असता पायाशी. बाकी वेळ दोरी सैल ठेवून इकडेतिकडे हुंगत चालला तर बिघडले कोठे?

आजोबांचा प्रश्न

या शिकवणीत बहुतेक घरे एका जागी हरतात. सकाळी तुम्ही नियम पाळता, संध्याकाळी आजोबा कुत्र्याला नेतात, आणि ते म्हणतात, "जाऊ दे रे, मुके जनावर आहे." स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली या विषयावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सार आपल्यापुरते असे: दर वेळी बक्षीस मिळणारी सवय बक्षीस थांबताच लवकर सुटते, अधूनमधून, अवचित बक्षीस मिळणारी सवय फार चिवट होते. लॉटरीची तिकिटे घेणारा माणूस वर्षानुवर्षे तिकिटे घेतो ते यामुळेच. आठवड्यातून एकदा ओढून खांब मिळत असेल, तर कुत्रा सातही दिवस ओढून पाहील. म्हणून पहिले काम आजोबांना समजावण्याचे. ते कुत्र्यापेक्षा अवघड असेल!

दुसरी अडचण तिसऱ्याचौथ्या दिवशी येते. तुम्ही थांबू लागलात की कुत्रा ओढणे कमी करण्याऐवजी एकदम वाढवतो. दिवा लागला नाही की आपणही बटण दोनचार वेळा जोराने दाबतो, तसेच हे. सवय विझण्यापूर्वीचा हा भडका असतो. नेमक्या याच दिवशी बहुतेक जण कंटाळून पाऊल पुढे टाकतात, आणि कुत्रा शिकतो की पूर्वीपेक्षा जोरात ओढले पाहिजे.

हे सारे वहीत उतरवा. शंभर पावलांची एक ठरावीक वाट घ्या. वेळ तीच, जेवणापूर्वी की नंतर तेही तेच, माणूसही तोच. शंभर पावलांत दोरी किती वेळा ताठ झाली ते एका मित्राला मोजायला सांगा. पहिले तीन दिवस काहीही न शिकवता फक्त मोजा. हा तुलनेचा पाया. मग दोन आठवडे शिकवा आणि रोज मोजा. आडव्या अक्षावर दिवस, उभ्यावर ताठ होण्याची संख्या घेऊन आलेख काढा. तो बहुधा सरळ उतरणार नाही. सुरुवातीचा भडका त्यात उंचवट्यासारखा दिसेल. शिक्षकांनी दोन-तीन घरचे आलेख फळ्यावर शेजारी शेजारी काढून पाहावेत. जेथे दोन माणसे दोन नियमांनी कुत्रा फिरवतात, तेथला आलेख उतरला का, हे विशेष पाहावे.

आमचा कुत्रा तर गावठी, त्याला हे काय जमणार, असे कोणी म्हणेल. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. माणसाने लांबून बोट दाखवले, तर कोणीही न शिकवलेली ही कुत्रीही त्या दिशेच्या भांड्याकडे जातात, असे त्यांनी २०२० साली दाखवले. त्याआधी २०१७ साली त्यांना असेही आढळले, की अनोळखी माणसाविषयी विश्वास वाटायला खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेला हात अधिक उपयोगी पडतो. गावठी कुत्र्याला माणूस वाचता येतो. त्याला शिकवायला कोणी बसत नाही, एवढेच.

आणि डावी बाजूच का? शिकारी आणि शिपाई उजव्या हातात बंदूक धरतात, म्हणून कुत्रा डावीकडे, असे सांगतात. आपल्या हातात बंदूक नाही. पदपथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. तसे चाललात तर तुमची डावी बाजू वाहनांकडे येते, आणि कुत्राही! जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने जाणाऱ्यांनी म्हणून त्याला उजवीकडेही चालायला शिकवावे. डावीकडचे येते म्हणून उजवीकडचे येईल असे मात्र समजू नका. पुन्हा एक पावलापासून सुरुवात.

डोंगरावर काय होते?

पुण्याच्या शिवाजीनगर भागातील गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या 'जंजीर' या लॅब्राडॉरने मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. नाव जंजीर, म्हणजे साखळी. पण स्फोटके सापडली ती साखळीच्या जोराने नव्हे, नाकाच्या. आणि नाकाचा पायाशी चालण्याशी थेट संबंध आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. लोणावळ्याहून घाट उतरून गेले की हा भाग लागतो. वाडी डोंगरावर, वर जायला फक्त पायवाट, पाऊस कोसळणारा. यंत्रे वर नेता येईनात. माणसांनी कुदळी-फावडी घेऊन चढायचे. आपत्ती प्रतिसाद दलाबरोबर श्वानपथकही होते. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले.

अशा निसरड्या वाटेवर ओढणारा कुत्रा बरोबर असेल तर काय होईल? हस्तक घसरेल, हे तर झालेच. पण कुत्रा स्वतः ओढून ओढून तापेल. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरचे पाणी उडवून शरीर थंड करतो. आणि धापा टाकीत असताना त्याला नीट हुंगता येत नाही, कारण हवा नाकातून झटक्याझटक्याने आत घेण्याऐवजी तोंडातून वाहत असते. वर पोहोचलेला कुत्रा धापत असेल, तर तो शांत होईपर्यंत ढिगाऱ्याखालच्या माणसाला वाट पाहावी लागेल. सैल साखळीने, हस्तकाच्या पायाशी चढलेला कुत्रा वर पोहोचताच कामाला लागू शकतो.

आणि तेथे पोहोचल्यावर साखळी काढतात. ढिगाऱ्यावर शोध घेणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात बहुधा पट्टाही ठेवत नाहीत, कारण तो सळईत अडकला तर फास बसेल. आता तो पायाशी नसतो; हस्तक दूर उभा आणि कुत्रा नाकाच्या मागे. हस्तकाने एका बाजूला हात दाखवला आणि वास दुसऱ्या बाजूने आला, तर त्याने वासाकडेच जायचे असते. जिवंत माणसाचा वास मिळाला की तो भुंकतो आणि जागा सोडत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, तेव्हा आपल्या दलाबरोबर ज्युली, रोमिओ, हनी आणि रॅम्बो ही चार कुत्री गेली होती. नुर्दागी गावात कोसळलेल्या इमारतीवर ज्युली एका जागी भुंकू लागली. हस्तकांनी लगेच खोदायला घेतले नाही. त्यांनी ज्युलीला बाजूला घेतले आणि रोमिओला मोकळे सोडले. तोही त्याच जागी येऊन भुंकला. मग खणायला सुरुवात झाली, आणि सहा वर्षांची एक मुलगी जिवंत बाहेर आली.